फ्रिजचा षड्ज

पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठलो आणि स्वयंपाकघरात पाय टाकल्या टाकल्या दचकलो. अंधारात फ्रिजशेजारी कुणीतरी बसलं होतं. आत्या होती. पाट टाकून, फ्रिजच्या अंगाला खांदा टेकवून, डोळे मिटून ती षड्ज लावत होती. आत्याचा रियाज पहाटेच असतो, त्यात नवल नाही; पण तो पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, सतरंजीवर. गेली चाळीस वर्षं ती जागा ठरलेली. मला वाटलं, पुढे डास झाले असतील. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला डासांचं कारण कशालाही पुरतं. मी फ्रिज उघडून बाटली काढली. तिने डोळे न उघडता एवढंच म्हटलं, "दार लाव लवकर." मी लावलं आणि जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र मी मुद्दाम उठून दाराशी उभा राहिलो. फ्रिजची घरघर चालू होती आणि तिचा आवाज त्या घरघरीवर अलगद ठेवल्यासारखा बसला होता. मग फ्रिज एक आचका देऊन बंद पडला, जसा अधूनमधून पडतो. ती थांबली नाही. तसाच सूर धरून गात राहिली, दहा-बारा मिनिटं. फ्रिज पुन्हा सुरू झाला तेव्हा मात्र गप्प बसली, कान देऊन ऐकलं, आणि स्वतःशीच मान हलवली. थोडी घसरली होती म्हणे.

"इथं का बसतेस?" मी विचारलं.

"मग काय करू? तुझा तंबोरा बोलत नाही. हा बोलतो."

तुझा तंबोरा म्हणजे माझा जुना लॅपटॉप. तिचा खरा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे नाद खुलवून घ्यायला, मिरजेला गेलाय आणि तो येईपर्यंत त्याचंच तासाभराचं रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर घालून दिलं होतं. मोबाइलवर चालत नाही तिला; मोबाइलचा तंबोरा डासासारखा गुणगुणतो, खर्जाची तार आहे की नाही तेच कळत नाही, असं तिचं म्हणणं आणि ते खरंच आहे. विजेवरचा छोटा तंबोरा होता, तो २०१९च्या पुरात गेला. राहिला लॅपटॉप. "बंद पडला होता तर सांगायचं नाहीस?" मी जरा आवाज चढवूनच म्हटलं. "सांगितलं की," ती पाट उचलत म्हणाली. "मागच्या मंगळवारी. तू जेवत होतास. ‘बघतो’ म्हणालास." मंगळवार ते गुरुवार, नऊ दिवस. मला त्या ‘बघतो’ची पुसटशीही आठवण नव्हती. आजही नाही. आमटीची वाटी कुठली होती इथपर्यंत तिने सांगितलं, म्हणजे झालंच असणार.

मी लगेच लॅपटॉप मांडीवर घेतला. अपराधी वाटलं की माणूस फार तत्पर होतो.

रेकॉर्डिंग सुरू केलं. सेकंद पुढे सरकत होते, पट्टी भरत होती, आवाजाचं चिन्ह तीन कमानींसकट ठणठणीत दिसत होतं. आवाज शून्य. माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि लिनक्स वापरणाऱ्याला या शांततेची एक ओळखीची चव असते. बटण चुकून दाबलं गेलं असेल, हेडफोनची पिन अडकली असेल, असल्या आशा एकेक करून विझत जातात आणि शेवटी आपण सेटिंगमधलं आवाजाचं पान उघडतो. तिथे स्पीकरच्या जागी दोन शब्द होते: ‘डमी आउटपुट’. ज्यांनी ते कधी पाहिले नाहीत त्यांना त्यातला दुष्टपणा कळायचा नाही. यंत्राला आवाजाचं कार्डच सापडलेलं नसतं. पण गाणं लावणाऱ्या प्रोग्रामला तसं तोंडावर सांगितलं तर तो अडून बसेल, म्हणून यंत्र एक खोटा स्पीकर उभा करतं. गाणं त्यात ओतायचं. तो प्रत्येक सेकंदाला मान डोलावतो, वेळेवर घेतो, काही परत करत नाही. जेवताना ‘बघतो’ म्हणणारा माणूस आणि हा, दोघांत मला त्या सकाळी फारसा फरक दिसला नाही.

या प्रकाराशी माझी ओळख जुनी. उबंटूची, म्हणजे लिनक्सच्या एका प्रसिद्ध अवताराची, सीडी पोस्टाने फुकट यायची त्या काळातली. २०११ साली ते बंद केलं उबंटूवाल्यांनी. सांगलीच्या पत्त्यावर परदेशातून पाकीट येतं याचंच आमच्या पोस्टमनला अप्रूप होतं, आणि फुकट येतं म्हटल्यावर संशयही. ती सीडी घालून संगणक सुरू केला की चित्र यायचं, इंटरनेट नशिबाने यायचं, आणि आवाज हा शेवटचा मान. त्याआधी तर यंत्राला एकच तोंड असायचं: ब्राउझरमधल्या व्हिडिओने आवाजाचं कार्ड धरलं की गाण्याच्या प्रोग्रामने मुकाट बसायचं. लिनक्समध्ये आवाजाची कथा म्हणजे वाड्याला पिढ्यापिढ्यांनी काढलेल्या खोल्या आहेत. आधी आवाजाचं कार्ड चालवायला ओएसएस होतं. मग त्याच कामासाठी १९९८मध्ये अल्सा सुरू झालं आणि २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, घरचं झालं. सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र कालवून पुढे द्यायला पल्सऑडिओ आलं. उबंटूने ते २००८मध्ये ८.०४ आवृत्तीत घातलं आणि त्या वर्षी आमच्यासारख्यांनी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येण्यासारख्या नाहीत. आता पाइपवायर आहे. फेडोराने, म्हणजे उबंटूच्या भावंडाने, २०२१मध्ये घेतलं, उबंटूने २२.१० आवृत्तीपासून. हे नवं खरोखर चांगलं आहे, जुन्याचा मान राखून त्याच्याच नावाने कामं करतं. पण खालच्या जुन्या खोल्या पाडल्या कुणी नाहीत. आवाज अजूनही सगळ्यात खालच्या जोत्यावरून, अल्सावरूनच जातो. त्यामुळे आवाज गेला की कुठल्या मजल्यावर गेला ते शोधत जिना उतरत जायचं, एवढीच काय ती पद्धत.

मी उतरू लागलो. वरच्या मजल्यावर पाइपवायर आणि त्याचा कारभारी वायरप्लंबर, दोघांना बंद करून चालू केलं. काही नाही. खाली अल्सामिक्सर उघडायला गेलो. तिथे नेहमी आवाजाचे उभे खांब दिसतात आणि एखाद्याच्या पायाशी ‘एमएम’ लिहिलेलं असतं, म्हणजे तोंड बांधलेलं. एम दाबला की सुटतं. कित्येकांचे लॅपटॉप मी नुसत्या त्या एका अक्षरावर बरे करून चहा मिळवलाय. या वेळी खांबच नव्हते. मिक्सर उघडता येत नाही, अशी फाइल नाही, एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं. मग माझा हुकमाचा पत्ता: संगणक सुरू होताना एस्केप दाबून ग्रबची, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी आणायची आणि आधीचा, जुना कर्नल निवडायचा. अपडेटनंतर काही बिघडलं की दहांतले सात वेळा जुन्या कर्नलवर ते चालतं. निदान मी तरी तसं लोकांना छातीठोक सांगत आलोय. जुना कर्नल आला. शांतता तीच. आत्या मागून चहा ठेवून गेली. "जुन्यावर पण नाही?" तिने विचारलं. तिला कर्नल म्हणजे काय ठाऊक नाही. पण माझं तोंड बघून प्रश्न बरोबर विचारते ती.

शेवटी कर्नलची रोजनिशी उघडली. संगणक सुरू होताना प्रत्येक भाग जागा होऊन काय काय बोलला ते तिथे लिहिलेलं असतं. ओळीच्या ओळी वाचत गेलो आणि मध्येच लाल अक्षरांत सापडलं: एसओएफ फर्मवेअर फाइल मिळत नाही. हे प्रकरण जरा सांगायला हवं. साधारण २०१९-२०पासूनच्या इंटेलवाल्या बऱ्याच लॅपटॉपांत आवाजासाठी प्रोसेसरमध्येच एक छोटा वेगळा मेंदू असतो आणि पडद्याच्या वरच्या कडेला टाचणीच्या भोकामागे डिजिटल माइक. तो माइक त्या छोट्या मेंदूमार्फतच ऐकतो. पण हा मेंदू कोऱ्या पाटीचा. रोज यंत्र सुरू झालं की त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि काय शिकवायचं ती पोथी म्हणजे फर्मवेअर. २०१८मध्ये सुरू झालेल्या साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजेच एसओएफ, प्रकल्पातून ती पोथी मिळते. आता कर्नल काय करतो, तर असा माइक दिसला की जुनी साधी वाट सोडून या मेंदूच्या वाटेने जायचं ठरवतो. पोथी असली तर सगळं उत्तम. नसली तर माइक गेला, आणि त्याच्यासोबत स्पीकरही गेला. एकाला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्याची वाचाही बंद.

उपाय मला पाठ होता. एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची, ‘डीएसपी ड्रायव्हर बरोबर एक’. म्हणजे कर्नलला सांगायचं, तू त्या मेंदूच्या नादी लागू नकोस, जुन्या वाटेने जा. माइक चालणार नाही, पण स्पीकर बोलेल. ओळ लिहायला म्हणून मी तो फोल्डर उघडला आणि थबकलो. तिथे मूळ फाइलच्या शेजारी तिचीच एक जुनी प्रत पडलेली होती, नावाला ‘डीपीकेजी-ओल्ड’ अशी शेपटी लावलेली. उबंटू नवी फाइल घालताना आपण बदललेली जुनी फेकून देत नाही, अशी बाजूला ठेवते. उघडली. सगळ्यात खाली तीच ओळ होती. अक्षरन् अक्षर तीच. आणि तिच्यावर मराठीत एक टीप, मीच लिहिलेली, २०२०च्या एप्रिलची तारीख घालून.

‘तात्पुरतं. नंतर नीट बघणे.’

पुरात आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती कृष्णा. तंबोरा आदल्या रात्री माळ्यावर चढवला म्हणून वाचला. माझा टेबलावरचा संगणक, विजेवरचा तंबोरा, धान्य, सगळं गेलं. फ्रिज गेल्यातच जमा होता, पण आत्याने तो टाकू दिला नाही. एकदारी, जुना. वाळवला, कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला. मिस्त्रीने कॉम्प्रेसरखालची रबरं काही परत बसवली नाहीत आणि तेव्हापासून त्याची घरघर सगळ्या पत्र्यातून येते. तर हा लॅपटॉप त्यानंतर हप्त्यावर घेतलेला. टाळेबंदीत माझं काम त्यावर चालायचं. आत्याच्या शिकवण्याही तेव्हाच बंद पडल्या होत्या, आणि कुणीतरी व्हिडिओवर शिकवायचं सुचवलं होतं. मी उबंटू टाकलं. डिस्कवर जागा कमी म्हणून सोबत घ्या असं सुचवलेली पॅकेजं नको म्हटली. त्यात ती पोथीही गेली असणार. आवाज येईना. दोन रात्री जागलो, ही ओळ सापडली, स्पीकर बोलला. माइक मेला. तेव्हा एप्रिल होता, कामाची घाई होती, मी आत्याला सांगून टाकलं, "या लॅपटॉपचा माइक लिनक्सवर चालत नाही."

तिने मान्य केलं. का करणार नाही? मीच घरातला जाणता. मग ती मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून शिकवायची. डबा सरकायचा, मोबाइल पालथा पडायचा, पलीकडच्या मुलीला निम्मी तान ऐकू यायची आणि निम्मी जमीन. वर्षभर शिकवलं तिने तसं, मग कंटाळून सोडलं. दोन मुली होत्या, एक पुण्याची, एक बेळगावची. बेळगावच्या मुलीचा गळा चांगला होता असं आत्या अजून कधीकधी म्हणते. पोथीचं पॅकेज काही जगाच्या टोकाला नव्हतं. एका आज्ञेचं काम. त्या ‘नंतर’ला पाच वर्षं झाली, आणि मधल्या काळात मी किती जणांचे लॅपटॉप बरे केले ते सांगत सुटलो तर वेळ पुरणार नाही.

मग ती ओळ गेली कशी, याचाही छडा लागला. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, पडद्यावर पाटी आली होती की नवी आवृत्ती तयार आहे, घ्यायची का. मी बाहेर होतो. आत्याने घेतली. पासवर्ड तिला माहीत आहे, तिच्याच आवडीच्या रागाचं नाव आहे. "विचारत होतं बिचारं इतकं," ती म्हणाली. दोन तास चाललं म्हणे ते. मध्ये एकदा थांबून त्याने विचारलं की ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, जुनी ठेवू की नवी घालू? खाली दोन बटणं. इंग्रजीचं तिला वावडं नाही. नीट वाचून तिने नवी घाल म्हटलं. "जुनी का नाही ठेवलीस?" "मी कुठं काय बदललं होतं? म्हटलं, कुणीतरी चुकून काहीतरी केलं असेल." यावर बोलायला काही उरतं का? हे असले प्रश्न पाच सेकंदांत सोडवायला सांगणाऱ्या लोकांचा मला राग येतो खरा, पण या वेळी उत्तर बरोबर होतं.

मी ओळ लिहिली नाही. पोथीचं पॅकेज उतरवून घेतलं, संगणक बंद केला, चालू केला. सेटिंगमध्ये डमी जाऊन स्पीकर आला. एक चाचणी असते, डावा स्पीकर दाबला की आवाज येतो ‘फ्रंट लेफ्ट’, उजवा दाबला की ‘फ्रंट राइट’. लिनक्सवाल्यांच्या आयुष्यात या चार शब्दांनी जेवढा आनंद दिलाय तेवढा मोठमोठ्या गवयांनी दिला नसेल. आत्या दारात येऊन उभी राहिली. आणि मग माझं लक्ष खालच्या पट्टीकडे गेलं. माइकच्या नावापुढे एक बारीक पट्टी हलत होती. बाहेर रिक्षा गेली, ती हलली. आत्याच्या बांगड्या वाजल्या, ती हलली. पाच वर्षांत पहिल्यांदा ते यंत्र ऐकत होतं.

"बोल काहीतरी," मी म्हटलं. ती पुढे आली, लॅपटॉपसमोर बसली, आणि सरळ पडद्याकडे न बघता तोंड किंचित तिरकं करून, एका हाताच्या अंतरावरून, "एक, दोन, तीन," म्हणाली. मला कळेना हे काय. मग आठवलं. सत्तरच्या दशकात ती आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर सुगम संगीत गायची. काचेपलीकडून ‘लेव्हल द्या’ म्हटलं की असंच करायचे. तोंड तिरकं, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर माइकवर बसत नाही. पन्नास वर्षांत तिच्यासमोर माइक असा फारसा आला नव्हता, पण मान आपोआप वळली. पट्टी हिरवी झाली. तिने ती बघितली आणि, देवाशप्पथ सांगतो, लाजली.

त्या दुपारी मला चैन पडेना. माइक मिळालाय तर वापरून बघू म्हणून लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला आणि फ्रिजसमोर ठेवला. रेकॉर्ड केलं, ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडलं, आवाजाची चिरफाड करून बघितली. सगळ्यात उंच शेंडा बरोबर १०० हर्ट्झला. आश्चर्य काही नाही. वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, प्रत्येक फेऱ्यात मोटरमधलं लोखंड दोनदा ओढलं जातं, म्हणून शंभर. त्याच्या वरच्या सप्तकातला सूर २००. पेटीवरची काळी चार असते २०८च्या जरा अलीकडे. पांढरी पाच १९६. म्हणजे आमचा फ्रिज दोन पट्ट्यांच्या फटीत बसून गातो. आत्या जन्मभर काळी चारमध्ये गायली, आणि गेले नऊ दिवस ती या फटीत गात होती. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले पासष्ट भाग खाली. शिवाय हा सूर हलत नाही, हे विशेष. ३१ डिसेंबर २०१३ला आपल्या सोलापूरवरून रायचूरला जाणारी तार जोडली आणि दक्षिणेची वीज उरलेल्या देशाच्या विजेला मिळाली, तेव्हापासून सगळ्या देशाचे फेरे एका तालात आहेत, ४९.९० ते ५०.०५च्या आत राहावेत असा नियम आहे. तेवढा फरक कानाला काय कळणार? तेव्हा आत्याने कुठल्याही कारखान्याला लाज आणील असा पक्का षड्ज धरला होता, फक्त तो पेटीवर सापडत नव्हता.

मी हे तिला मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मला वाटलंच. वर जाताना ओढ लागत नाही आता. तार षड्जाला गेलं की जागा मिळते." आणि जरा थांबून, "काळी चार मला दोन वर्षं झाली जड जातीय. म्हटलं, वय झालं, सोडायचं आता." हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. की तेही आधी सांगितलं होतं, जेवताना, कुठल्यातरी मंगळवारी? विचारायची माझी छाती झाली नाही. मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेतलं आणि त्याचा सूर पासष्ट भाग उतरवून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा पुढच्या खोलीत, सतरंजीवर होती. स्वयंपाकघरात फ्रिज आणि बाहेर लॅपटॉप, दोघे एकाच सुरात. मी अंथरुणात पडून ऐकत होतो. मधल्या दारातून कुठला कुणाचा ते वेगळं काढता येत नव्हतं.

तंबोरा तयार असल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. आम्ही बसने मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, तुणीच्या लाकडाचा आणि स्पिरिट-पॉलिशचा, मग दिसतात छताला टांगलेले भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, वर्षवर्ष वाळवतात. इथले मूळचे कारागीर शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी सतारी-तंबोरे दुरुस्त करायला घेतले, मग करायलाच घेतले, आणि आता २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ज्या भाईंकडे आत्याचा तंबोरा असतो ते जमिनीवर बसून कुणाच्यातरी तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. एक फेरा, फुंकर, तार छेडून ऐकणं. पुन्हा एक फेरा. जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला असा काही उतार द्यायचा की तार तिला चाटत, पुसत थरथरली पाहिजे. उतार जास्त झाला तर तार मुकी, कमी झाला तर खणखण पत्र्यासारखी. मग तारेखाली दोऱ्याचा एक धागा सरकवायचा, केसाएवढा इकडे-तिकडे, आणि एका जागी ती अचानक उघडते, मधमाश्यांचं पोळं उघडावं तशी. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. कुठे अडलंय ते शोधायला ते मजले उतरत नव्हते. ऐकत होते, बस.

"या बाई," भाई म्हणाले. तंबोरा आणला, खोळ काढली, आत्याच्या पुढ्यात ठेवला. तिने चारही तारा छेडल्या. जवारी सुरेख लागली होती; खर्जाची तार वाजून गेल्यावरही खोलीत काहीतरी उरत होतं. काळी चारला लावलेला होता, नेहमीसारखा.

"थोडा उतरवा, भाई."

भाईंनी तिच्याकडे बघितलं. "पांढरी पाच करू?"

"नको, एवढा नको. मधे." भाईंनी भुवई उचलली, पण काही विचारलं नाही. खुंटी पिरगाळत गेले. तार सैल होताना पोटातून एक कण्हल्यासारखा आवाज येतो. आत्या डोळे मिटून बसली होती. तिथे फ्रिज नव्हता, लॅपटॉप नव्हता, बाहेर गल्लीत कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. "अजून," ती म्हणाली. "अजून. बास." मग जोडीची दुसरी तार, मग खर्ज, मग पंचम. मणी सरकवून भाईंनी बारीक जुळवलं. धागा पुन्हा बसवावा लागला, कारण सूर उतरला की जवारीही हलते. अर्धा तास गेला. पैसे किती ते भाईंनी सांगितलं नाही, आत्याने जे दिले ते न मोजता गल्ल्यात टाकले.

आत्या खोळ बांधत होती तेवढ्यात मी मोबाइल काढला. सूर मोजायचं ॲप आहे त्यात. "एकदा वाजवा ना भाई," म्हटलं. त्यांनी खोळीतूनच बोट घालून जोडीची तार छेडली. आकडा जरा हलला आणि थांबला: १९८. दोनशे नाही. मी आत्याला पडदा दाखवला आणि, का कोण जाणे, थोडा विजयानेच म्हणालो, "फ्रिजपेक्षा खाली आलीस तू."

तिने पडदा बघितलाच नाही. तंबोरा खांद्याला घेतला, पायरी उतरली, आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागत म्हणाली, "मग फ्रिज चढा असेल तुझा."